मागच्या सीटवरचे मीटरमामा

सन्माननीय अध्यक्ष महाशय, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मालक, पहिल्या रांगेत जरा अवघडून बसलेले आजचे निरोपमूर्ती, म्हणजे माझ्या पत्नीचे धाकटे बंधू, आणि ज्यांनी ज्यांनी कधी ना कधी आमची गाडी मागून ढकलली आहे असे सर्व शेजारी, म्हणजे जवळपास अख्खं सभागृह, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी चष्म्याचा दुकानदार. लोकांना स्पष्ट दिसावं एवढं माझं काम, स्पष्ट बोलण्याचा मला सराव नाही. पण अध्यक्ष म्हणाले, "मेहुणे तुमचे, तेव्हा बोलायचंही तुम्हीच." म्हणून उभा राहिलो.

आमच्या मेहुण्यांना लहानथोर सगळेच मीटरमामा म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी ते आमच्याकडे दोन दिवसांसाठी आले. आपल्यात म्हणतातच, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. या म्हणीत अकराव्या वर्षाची सोय केलेली नाही. त्यामुळे आम्हाला आमच्याच अकलेने निभावून न्यावं लागलं.

ते आले गाडीसाठी. ही गाडी मी जुनीच घेतली होती. घेताना विकणारा इतका आनंदात होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. चालता चालता मध्येच बंद पडायची. चौकात पडायची, चढावर पडायची, मागे रुग्णवाहिका असली तर हमखास पडायची. ढकलून कडेला घ्यायची, थोडं थांबायचं, मागचं दार एकदा जोरात आपटायचं, की पुन्हा सुरू. शिवाय तिचे इतर चाळे वेगळेच. ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा खाली पडायचा. उजवा इंडिकेटर लावला की तोच काटा त्या तालावर नाचायचा. माझ्या मुलीला वाटायचं, सगळ्याच गाड्यांना असं संगीत असतं.

प्रमुख पाहुण्यांनी त्या काळात आमच्या गाडीसाठी जे केलं, त्याचा उल्लेख केला नाही तर कृतघ्नपणा होईल. त्यांनी बॅटरी बदलली. कॉइल बदलली. प्लग बदलले. पेट्रोलचा पंप तर दोनदा बदलला. शेवटी म्हणाले, "आता फक्त मालक बदलायचा राहिलाय." तेव्हा माझ्या पत्नीने भावाला बोलावणं धाडलं.

मामा शिकलेले इलेक्ट्रिशियन. खांद्यावर कपड्यांची पिशवी, हातात वीज तपासायचा मीटर. येताच मला म्हणाले, "भावजी, माझं एक तत्त्व आहे. बिघाड डोळ्यांदेखत झाल्याशिवाय मी गाडीला पाना लावत नाही. नाहीतर चांगलं असलेलं बिघडतं." मला हे फार पटलं. प्रमुख पाहुण्यांना पटलं नसावं, कारण ते आत्ताही छताकडे बघताहेत.

मग मामा मागच्या सीटवर बसले, कारण मीटर आणि वायरींचा पसारा मांडायला तिथेच जागा होती. त्या दिवशी गाडी बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मामा घरी थांबले, तर मी चौकात ढकलतोय. चौथ्या दिवशी ते पुन्हा बसले आणि गाडी शहाण्या मुलासारखी दुकानापर्यंत गेली. आता मला सांगा, बिघाड दिसल्याशिवाय दुरुस्ती नाही, मामा गाडीत असले की बिघाड नाही, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय मामा जाणार नाहीत. या कोड्यातून बाहेर कसं पडायचं? आम्ही पडलो नाही. मुलांच्या खोलीत एक खाट वाढवली.

माझी पत्नी मात्र शेजारणींना सांगायची, "माझ्या भावाचा धाकच आहे तसा." हेच मत पुढे सगळ्या गल्लीचं झालं. लग्नाला, दवाखान्यात, कुणाला कुठे वेळेवर पोचायचं असलं की गाडी आमची आणि मागे मामा. अध्यक्षांच्या सूनबाईंना बाळंतपणाला नेलं तेव्हा जागा कमी पडत होती, पण मामांना उतरा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. अध्यक्षच उतरले.

मी खरं सांगू? पहिली दोन-तीन वर्षं मला त्यांचा वैताग यायचा. मागून सूचना चालायच्या. "भावजी, क्लच सोडा." "भावजी, बाई रस्ता ओलांडताहेत." अहो, बाई मला दिसत होत्या, चष्म्याचं दुकान आहे माझं. पण हळूहळू एक गोष्ट झाली. शेजारी बसलेल्या माणसाला जे सांगता येत नाही, ते आरशात दिसणाऱ्या माणसाला सांगता येतं. वडील गेले तेव्हा घरी मी रडलो नाही, थोरला होतो ना. रडलो ते गाडीत. मामा मीटरचे आकडे वाचत बसले. त्यांनी मान वर केली नाही, आणि घर आलं तरी "अजून एक चक्कर मारू, जरा तपासायचंय" म्हणाले. दुकानासमोर चष्म्यांचंच एक मोठं, चकचकीत दुकान उघडलं आणि माझं गिऱ्हाईक तुटलं, तेही पत्नीच्या आधी मागच्या सीटला कळलं.

असो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मामांचं गोड बंद केलं आणि त्यांना रोज सकाळी चालायला लावलं. माणूस निम्मा झाला. पॅंट खांद्याला अडकवायची वेळ आली. आणि मागच्या महिन्यात, भर चौकात, मामा मागे बसलेले असताना, गाडी बंद पडली.

मामांचा आनंद मी काय वर्णावा. "पडली, भावजी, पडली" करत ते खाली उतरले. मागे भोंगे वाजताहेत, आणि हे वाहतूक पोलिसाला मिठी मारताहेत. त्याने त्यांच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. मग मामांनी मागची सीट उपटून रस्त्यावर ठेवली. तिच्याखाली अर्थिंगचा एक बोल्ट, गंजून सैल झालेला. पंपाची, काट्याची, मागच्या दिव्यांची, सगळ्यांची अर्थिंगची वायर त्या एकाच बोल्टावर. सीटवर भरभक्कम माणूस बसला की सीटची चौकट त्यावर दाबली जायची आणि जोड बसायचा. माणूस उठला की सुटायचा. मामांनी गंज घासला, बोल्ट आवळला. दहा मिनिटांचं काम.

त्या संध्याकाळी गॅरेजवर चहा होता. प्रमुख पाहुणे म्हणाले, "एवढंच होतं होय? मग मामांऐवजी वाळूचं पोतं ठेवलं असतं तरी भागलं असतं." सगळे हसले. मी हसलो. मामाही हसले. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून आपली पिशवी काढली आणि आपल्या ताईला, म्हणजे माझ्या पत्नीला, म्हणाले, "काम झालं. आता निघतो." कारण काही सांगितलं नाही. पण जेवताना वाढलेली भाकरी त्यांनी परत ठेवली, आणि आमच्या घरात अकरा वर्षांत हे कधी घडलं नव्हतं.

प्रमुख पाहुणे, आपण खाली बघू नका, तुम्ही मनाचे वाईट नाही. तुमचा हिशेब गाडीपुरता अगदी बरोबर आहे. गाडीला पोतं चाललं असतं. पण पोतं मला "अजून एक चक्कर मारू" म्हणालं नसतं. गाडी आता ठणठणीत आहे. आजच्या समारंभासाठी आपण मामांना महिनाभर थांबवून घेतलं खरं, पण ते पुन्हा गाडीत बसले नाहीत; मी एकटा दुकानात जातो, एकटा येतो. काटा हलत नाही, कुणी क्लच सोडा म्हणत नाही. आरशात नुसती मागची काच दिसते. मला हे सोसत नाही, मामा. सगळ्यांदेखत सांगतो, सोसत नाही.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे मी आता मामांना हा पुष्पगुच्छ द्यायचा आहे आणि मग गाडीने स्टेशनवर सोडायचं आहे. पुष्पगुच्छ देतो. गाडी मात्र मी काढणार नाही. मामांना चालवता येत नाही, आणि प्रमुख पाहुण्यांनी आज कुणाची किल्ली हातात घेतली तर ताई त्यांच्याशी जन्मभर बोलणार नाही.

मामांनी जायचंच ठरवलं असेल, तर त्यांना कोण अडवणार? पण स्टेशन लांब आहे. आपण चालत जाऊ. पिशवी मी घेतो. तुम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालायला शिकलात, मी नाही, त्यामुळे मला धाप लागेल आणि वाटेत बऱ्याचदा बसावं लागेल. आणि जिथे जिथे बसू तिथे तिथे मी तुम्हाला राहा म्हणेन.

अध्यक्षांनी वेळ दिली, आपण ऐकून घेतलंत, याबद्दल आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. आणि मामा, तुम्हाला जे लागलं, तेही.