वकिलातीतला पावणा

वकिलातीचा विषय काढलास म्हणून सांगतो. गेल्या साली मी आणि अण्णा, म्हंजे माझे वडील, परदेशात भावाकडं गेलतो. अण्णा रिटायर मास्तर. पेन्शन चालू ठेवायला हयातीचा दाखला लागतोय, तो तिथं भारतीय वकिलातीत मिळतोय. आम्ही गेलो तो मुदतीचा शेवटचा दिवस.

खिडकीतल्या साहेबानं पासपोर्ट बघितला, सहीला पेन उचललं. तेवढ्यात अण्णांनी इचारलं, "पावणं, गाव कुठलं?"

"कुरुंदवाड."

"आणि आईचं माहेर?"

"मलकापूर."

मी मागनं अण्णांचा सदरा ओढला. दोन मिनिटांत अण्णांनी साहेबाचा मामा आमच्या चुलत्याच्या पोराचा साडू काढला आणि माझ्याकडं ऐटीत बघितलं.

साहेबानं पेन खाली ठेवलं. "मग अवघड झालं, काका. नात्यातल्या माणसाच्या कागदावर मला सही करता येत नाही. दुसरे साहेब सोमवारी येतील."

अण्णा म्हणाले, "तसं लांबचंच हाय की. आणि त्या साडूचं नि आमचं बोलणंच न्हाय. लग्नात फेटा बांधला न्हाय म्हणून न जेवता उठून गेलता त्यो."

"तसं लिहून द्या."

अण्णांनी मास्तरी अक्षरात लिहिलं, "सदर अधिकाऱ्यांशी माझा कसलाही संबंध नाही." खाली सही ठोकली. साहेबानं दाखल्यावर शिक्का मारला.

बाहेर आल्यावर दाखल्याची घडी खिशात घालत अण्णा म्हणाले, "काम केलं खरं. पण पोराला रीत न्हाय. घरचा माणूस आल्ता, चहा तरी इचारायचा की."