सर्वानुमते

‘आर्ट्स घेऊन पस्तावशील,’ हा आत्याचा इशारा उत्तरानं हसण्यावारी नेला होता. आज ती पाथरीच्या स्टँडवर मांडीवर लेक घेऊन बसली होती. मागच्या बाकावर मेंढपाळ रायभान बायकोला, बानूबाईला, सांगत होता,

“उद्यापासून साधनाचं कालेज बंद. मेंढरामागं जाईल. आर्टला काय हाय?”

“गिरामसभेनं आपलं गायरान दुसऱ्याला दिल्याचा ठराव पोरीनंच वाचून दावला न्हव? त्यात ते ‘सर्वानुमते’ म्हंजी काय वो?”

“सगळ्यायनी हो म्हनलं.”

“मला कुनी इचारलं?”

“मलाबी न्हाई.”

“तुमी तर अंगठा देऊन आलता!”

“हजेरीचा म्हनून दिला.”

“मंग मेंढरं मी राखते. पुढला कागद तुमी वाचता का?”

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. मागं वळलेल्या उत्तराला साधनाचं गावही विचारता आलं नाही. म्हणून सांगणं एवढंच: तुमच्या वर्गात कुणी साधना येईनाशी झाली असेल, तर एकदा तिच्या घरी जाऊन या.