छोटूच्या बदल्यात ग्लेनिस

…आणि वर सगळे मलाच विचारतात, "लाइल, तुझ्या लक्षात कसं आलं नाही रे?" माझ्या लक्षात! अहो, त्या खोलीत आम्ही नऊ जण बसलो होतो, नऊ! त्यात एक गुरांचा डॉक्टर, एक शाळेची मुख्याध्यापिका, एक तर जिल्हा कोर्टातून निवृत्त झालेला कारकून… आणि लक्षात यायचं कुणाच्या, तर लाइल पॅस्कोच्या! का? तर म्हणे तू क्लबचा अध्यक्ष. तुम्हाला सांगतो, यारापुक फुटबॉल क्लबचा अध्यक्ष म्हणजे शनिवारी सकाळी मैदानावरच्या कांगारूंच्या लेंड्या उचलणारा माणूस. बाकी काही मान नाही. पण खापर फोडायला डोकं लागतं ना, तेवढ्यापुरता अध्यक्ष!

आता तुम्ही म्हणाल, झालं तरी काय? सांगतो. आमचं दुखणं जुनं. आमच्या खेळात पंच चेंडू जमिनीवर दाणकन आपटतो, तो वर उडतो आणि दोन्हीकडचे दोन उंच गडी उडी मारतात. ज्याचा हात आधी लागला त्याचा संघ चेंडू घेऊन पळाला. तो उडी मारणारा म्हणजे रकमन. सगळा खेळ त्याच्या हातावर! आणि आमचा रकमन कोण, तर नेव्हिल. नेव्हिल प्लंबर आहे, मनाने सोनं आहे, रात्री दोनला नळ फुटला तर येईल बिचारा, पण पाच फूट अकरा इंच! समोर साडेसहा फुटी धटिंगण. नेव्हिल जीव खाऊन उडी मारतो, समोरच्याच्या काखेचा वास घेतो आणि खाली येतो. नऊ वर्षं हेच चाललंय.

आणि मला हे बघवत नाही, त्याला कारण आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी आम्ही अंतिम सामन्यात होतो. शेवटचं मिनिट, आम्ही पाच गुणांनी पुढे, आणि आमच्या रकमनचा खांदा निखळला. त्याच्या जागी कुणाला पुढे ढकललं? मला! मी पाच फूट दहा. चेंडू उडाला, मी उडालो… हाताला काय लागलं? हवा! त्यांनी चेंडू नेला, गोल मारला, सहा गुण, आम्ही एका गुणाने हरलो. त्यानंतर यारापुकला कप आलेला नाही. कुणी मला तोंडावर बोललं नाही हो, गाव चांगलं आहे. पण अजून मी पबात शिरलो की कुणीतरी छताकडे बघतं.

तर अशा माणसाला फेब्रुवारीत लेक टिंडलचा छोटू स्वतः फोन करतो, "लाइल, मला तुमच्याकडे यायचंय." छोटू! खरं नाव डॅरिल हॉकिंग, पण सहा फूट आठ इंचांच्या माणसाला आमच्याकडे छोटूच म्हणतात, तशी रीतच आहे. चौदा वर्षं लेक टिंडलकडून खेळलेला. 

लगेच बैठक बोलावली. गुरांचा डॉक्टर म्हणाला, "वय छत्तीस आहे त्याचं." म्हटलं, हो, पण उंच आहे ना! मुख्याध्यापिका म्हणाली, "डावा गुडघा दोनदा कापलाय." पण उंच आहे ना! "पळताना बघितलंय का त्याला? टपालाची गाडी पुढे निघून जाते." अहो, पळायचंय कुणाला! उभं राहून हात वर करायचाय! पण उंच आहे ना! नेव्हिलसुद्धा कोपऱ्यातून म्हणाला, "माझं काही नाही, माझी मानच दुखते वर बघून. घ्या त्याला." असा सोन्यासारखा माणूस.

सगळं ठरलं. आता फक्त लेक टिंडलचं ना-हरकत पत्र. म्हणून मी त्यांच्या अध्यक्षाला, कॉलिनला, फोन लावला. कॉलिन म्हणजे गोड बोलून गळ्यातला मफलर काढून नेईल असा माणूस. म्हणतो कसा, "लाइल, मित्रा, घेऊन जा की छोटूला! चौदा वर्षं दिली त्याने आम्हाला, आम्ही काय आडवे येणार? फक्त बदल्यात काहीतरी द्या." म्हटलं, कोण हवंय? आमचा डावखुरा? आमचा तो वाऱ्यासारखा पळणारा? तर म्हणतो, "छे छे, खेळाडू नको. एका हंगामासाठी ग्लेनिस द्या."

ग्लेनिस! ग्लेनिस कोण, माहितीये? ग्लेनिस पॅस्को! माझी बायको!

तसं तिचं नाव घेणं आश्चर्याचं नव्हतं म्हणा. सव्वीस वर्षं ती क्लबचं स्वयंपाकघर चालवते. गुरुवारी सराव झाला की शनिवारच्या संघाची नावं वाचतात आणि मग जेवण. तिची मेंढीची नळी… चार तास मंद आचेवर, हाडापासून मटण आपोआप सुटतं, खाली कुस्करलेला बटाटा, वर रस्सा… दोन गावं पलीकडून लोक येतात, ज्यांना चेंडू गोल आहे की लांबट तेही माहीत नाही असे लोक येतात! आणि हे सगळं ती करते एका अशा भट्टीवर, जिचं दार अकरा वर्षं विटेने अडवलेलं आहे. बिजागरी बसवायचं काम माझ्याकडे आहे. बसवणार होतो.

तर मी बैठकीत हे सांगितलं. हसत सांगितलं हो! म्हटलं, बघा कॉलिन काय मागतोय, आहे की नाही गंमत? कुणी हसलंच नाही. आमचा प्रशिक्षक वेन उठला, फळ्यावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला लिहिलं छोटू, दुसऱ्या बाजूला ग्लेनिस. माझ्यासमोर! "वय," वेन म्हणाला. "छत्तीस. आणि लाइल, ग्लेनिस किती, त्रेसष्ट?" मी म्हटलं, बासष्ट. त्याने बासष्ट लिहिलं. "गुडघे?" डॉक्टर म्हणाला, "ग्लेनिसचे चांगले आहेत, छोटूपेक्षा नक्कीच." "दुखापतीने किती गुरुवार चुकले?" "एकही नाही." "शिस्त?" मुख्याध्यापिका म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तिने एकदा डाव फेकून मारला होता, पण चूक त्याची होती." अहो, अर्धा तास! अर्धा तास माझ्या बायकोची मोजदाद चालली होती आणि खरं सांगू का, फळ्याची तिची बाजू जड होत होती. तेवढ्यात वेन माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "अध्यक्ष, पण हा उंच आहे ना."

मतं पडली. चार विरुद्ध चार. आणि निर्णायक मत कुणाचं? आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? एका बाजूला बायको, चाळीस वर्षांचा संसार. दुसऱ्या बाजूला एकोणतीस वर्षं हाताला लागलेली हवा. मला तो चेंडू दिसत होता हो, तसाच, वर उडालेला… आणि माझा हात आपोआप वर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर गेला.

घरी निघालो. वाटेत वाक्यं पाठ करत होतो. घरात शिरलो तर ग्लेनिस भांडी पुसत होती, मागे न बघता म्हणाली, "कुणाच्या बदल्यात?" चारशे वस्तीचं गाव, बातमी माझ्याआधी घरी पोहोचलेली! म्हटलं, छोटूच्या. "एकट्याच्या?" हो… एकट्याच्या. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "वर काहीच नाही मागितलंत? एखादा मधल्या फळीतला तरुण? काही? माझ्या बदल्यात एक छत्तीस वर्षांचा माणूस, तोही दीड पायाचा?" मी म्हटलं, अगं, पण उंच आहे ना! तिने फडकं पुन्हा उचललं. मग विचारलं, "आणि तू हात कुठल्या बाजूने वर केलास?" मी म्हटलं, क्लबच्या. ती म्हणाली, "बरं."

तुम्ही लग्न झालेली माणसं आहात. ते "बरं" तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एप्रिल उजाडला. ती दर गुरुवारी तिची मोठी पातेली माझ्याच गाडीत घालून बावीस किलोमीटरवर लेक टिंडलला जायची. परत आल्यावर मी विचारायचो, कसं काय? "वाफेची नवी भट्टी आहे," ती म्हणायची. "दाराला बिजागरी आहे." बस. आणि गुरुवारी घरात चूल बंद! म्हणे, "गुरुवारी मी तिकडची आहे."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण लेक टिंडल आमच्या मैदानावर खेळायला आलं. आमच्याकडे लोक मैदानाच्या कडेला गाड्या लावून आतूनच सामना बघतात आणि आपल्या संघाने गोल मारला की हॉर्न वाजवतात. मी माझ्या गाडीत, शेजारी ग्लेनिस, मांडीवर चहाचा थर्मास. लेक टिंडलने पहिला गोल मारला आणि पों! माझ्या कानाशी पों! बघतो तर ग्लेनिसचा हात माझ्या हॉर्नवर! अहो, अख्खं यारापुक माना वळवून बघतंय, अध्यक्षाच्या गाडीतून शत्रूचा हॉर्न! म्हटलं, ग्लेनिस, काय करतेस! म्हणते, "मला तिकडे दिलंय ना?" सात वेळा, तुम्हाला सांगतो, सात वेळा वाजवला तिने.

आता छोटूचं ऐका. खेळला! नाही म्हणत नाही. पहिल्याच सामन्यात चेंडू उडाला, छोटू जेमतेम टाचा उचलतो, हात वर करतो, टप! आमच्या पोराच्या छातीवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. खोटं कशाला बोलू? मी गाडीत बसून रडलो आणि ग्लेनिसने रुमाल दिला. आम्ही पहिले तीन सामने जिंकलो! कपाच्या कपाटाची काच मी स्वतः पुसून ठेवली.

पण छोटू दिवसेंदिवस उतरलेला. पहिल्या गुरुवारी सराव करून आला, दारातून वाकून आत शिरला, थेट जेवणाच्या खिडकीशी. आत नेव्हिल. ग्लेनिसच्या जागी नेव्हिलला उभं केलं होतं, त्याला रकमनच्या कामातून सुट्टी मिळाली होती ना! त्याने करपलेले सॉसेज आणि पावाचा एक तुकडा छोटूच्या ताटलीत ठेवला. छोटू ताटलीकडे बघतोय. "ग्लेनिस आजारी आहे का?" नेव्हिल म्हणाला, "नाही रे, ती लेक टिंडलला असते आता." "का?" "का म्हणजे? तुझ्या बदल्यात दिली की!"

तुम्हाला सांगतो, एवढ्या उंच माणसाला एवढं बारीक झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीत बसला. म्हणाला, "लाइल, मी आलोच होतो नळीसाठी." म्हटलं, काय? "चौदा वर्षं वर्षातून एकदा तुमच्या मैदानावर खेळायला यायचो आणि सामन्यानंतर ती पाहुण्यांना वाढते ते जेवून जायचो. घरी एकटा असतो मी. डब्यातले वाटाणे खातो. म्हटलं, शेवटची दोन वर्षं उरलीत, गुडघा गेलाय, निदान दर गुरुवारी कुणीतरी गरम वाढेल…"

आता बोला! आम्ही त्याची उंची विचारली, वजन विचारलं, गुडघ्यांचे जुने एक्स-रे मागवले, गुरांच्या डॉक्टरला दाखवले! पण नऊ जणांतल्या एकाने, एकाने तरी विचारावं ना, की बाबा रे, तू येतोयस कशाला? मी विचारलं नाही. मला फक्त हात दिसला होता त्याचा. आणि कॉलिन? कॉलिनला पक्कं ठाऊक होतं! चौदा वर्षं बसमधून परतताना त्याने छोटूच्या तोंडून त्या नळीचं वर्णन ऐकलेलं!

जूनच्या शेवटी, खेळाडूंना क्लब बदलायची मुदत संपायच्या आत, छोटू कागद घेऊन आला. परत जायचंय. मान खाली घालून उभा, तरी माझ्यापेक्षा उंच. अडवता आलं असतं मला. आमची सही लागते. पण एकटा माणूस, डब्यातले वाटाणे… केली सही. मग कॉलिनला फोन केला, म्हटलं, मग ग्लेनिस परत द्या! कॉलिन म्हणतो, "मी कोण देणारा, मित्रा? तिलाच विचार." तिला विचारलं. ती म्हणाली, "मी हंगामभराचा शब्द दिलाय. मी काही हात वर करून माणसं बदलत नाही." 

त्या दिवशी मी क्लबात गेलो, वीट बाजूला केली आणि भट्टीला बिजागरी बसवली. वीस मिनिटांचं काम निघालं. वीस मिनिटं! अकरा वर्षं! दार उघडून बघितलं, लावून बघितलं, आत काहीच नव्हतं.

नेव्हिल पुन्हा काखेचा वास घेतोय. कप यंदाही येत नाही, हे तर तुम्हाला कळलंच असेल. आणि मी? गुरुवारी घरात चूल बंद, मग जाणार कुठे? जातो लेक टिंडलला. रांगेत उभा राहतो, पाहुण्यांच्या दराने तिकीट काढतो. परवा माझ्या पुढे छोटू. आता त्याच्या मागे उभं राहिल्यावर खिडकीत काय शिल्लक आहे ते दिसतंय थोडंच? तो बाजूला झाला, पाहतो तर त्याच्या ताटलीत दोन नळ्या आणि पातेलं रिकामं! म्हटलं, अगं ग्लेनिस, नवरा आहे मी तुझा, याला दोन आणि मला एकही नाही?

तिने डाव पातेल्यावर आपटला, माझ्यासमोर सॉसेज ठेवलं आणि म्हणाली, "मग? तो उंच आहे ना!"