चंद्रपूरच्या उन्हाचे थंडे प्लग

आमच्या साळ्याची अक्कल सांगतो, चहा सांडू नका. जुनी कार मॉडिफाय केली अन् तिच्यात शर्यतीच्या गाडीचे सगळ्यात थंडे स्पार्क प्लग टाकले.

"थंडे काऊन?"

"भाऊजी, चंद्रपूरचं ऊन पाहा ना!"

जसं काही इंजिनले पन्हं पाजून राह्यला!

एटापल्लीच्या रस्त्यावर लोखंडाच्या खाणीच्या ट्रकांमागं दोन तास बैलगाडीच्या चालीनं गेलो अन् गाडी बंद. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं प्लग काढले, तं काळेकुट्ट.

"हे सुसाट पळणाऱ्या गाडीचे. हळू चालवली तं हे तापतच नाई, मंग यांच्यावरची काजळी जळतच नाई."

साळा तरी म्हणते, "पण आमच्याकडं ऊन..."

मिस्त्रीनं प्लग त्याच्या हातावर ठेवले. "चंद्रपूरचा ना तू? मंग कोळसा इथी काऊन आणला?"