टिकलीच्या पोटातलं जुळं

काका : धरलीय मी घट्ट. लाथ मारायची नाही ती, तुम्ही निवांत बघा.

डॉक्टर : हं... काका, सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघा. हा काळा गोल दिसतोय?

काका : म्हणजे टिकली गाभण आहे! बाई, तुमच्या तोंडात साखर पडो!

डॉक्टर : थांबा. पलीकडे अजून एक गोल आहे. लहानसा.

काका : दोन?

डॉक्टर : जुळं. घोडीला जुळं झेपत नाही, काका. वाढू दिलं तर बहुतेक दोन्ही जातात, कधी घोडीसुद्धा. आत्ता दोन्ही सुटी आहेत, तोवर लहान्याला बोटांनी दाबून जिरवता येतं. करू का?

काका : आम्हीपण जुळेच. मी आणि नाना.

डॉक्टर : तुम्हाला भाऊ आहे? एवढी वर्षं येतेय मी, कधी बोलला नाहीत!

काका : परदेशात असतो. टिकलीची आजी त्याची लाडकी. बाटलीने दूध पाजून वाढवली होती त्यानं. तिला आधी टिकलीची आई झाली, पुढच्या खेपेला त्या आजीच्याही पोटात दोन होती. तेव्हा कुठलं आलं हे यंत्र! पोट दिसायचं हे एवढं, आणि आम्ही दोघं खूश. म्हटलं, शिंगरू दांडगं होणार.

डॉक्टर : मग?

काका : दोन्ही मेलेली निघाली. मागोमाग तीही गेली. नानानं तिला खरारा केला, बाई. मेलेल्या घोडीला. शेपटीपर्यंत. आणि थोड्याच दिवसांत घर सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. तबेल्याकडे बघवत नाही म्हणाला.

डॉक्टर : काका... उशीर केला तर दोन्ही एकमेकांना चिकटून बसतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही.

काका : तिला कळेल का हो?

डॉक्टर : नाही कळणार.

काका : मला कळेल. पण करा तुम्ही.

(काही आठवड्यांनी, त्याच तबेल्यात. यंत्र पुन्हा चालू आहे.)

डॉक्टर : मधोमध लुकलुकतंय ना, ते काळीज.

काका : एकटंच आहे.

डॉक्टर : एकटंच. पण ठणठणीत.

काका : बाई, एक फोन लावून द्याल? नंबर इथे आहे, पण आकडे दिसेनात मला.

डॉक्टर : द्या इकडे... वाजतोय. घ्या.

नाना : हॅलो? कोण बोलतंय?

काका : मी रे.

नाना : तू? काय झालं? सगळं बरं आहे ना?

काका : बरं आहे. तुझ्या घोडीची नात गाभण आहे, नाना. जुळं होतं. हल्ली आधीच दिसतं. एक ठेवलंय, त्याचं काळीज धडधडतंय... ऐकतोयस ना?

नाना : तिच्यापाशीच उभा आहेस?

काका : मानेवर हात आहे माझा.

नाना : मग फोन तिच्या नाकपुडीशी धर. जरा श्वास ऐकू दे तिचा.