घरच्या पत्त्यावरची चौकशी

हॅलो?… हॅलो! कोण बोलतंय? जरा मोठ्यानं बोला, इकडे कुकर लावलाय.

हो, सुरवसेंचंच घर. कर्वेनगर. मी मिसेस सुरवसे… कुसुम सुरवसे. तुम्ही कोण?

साबणाच्या कंपनीतून? अहो, महिन्याचा साबण कालच भरलाय, नको आम्हाला… विकायचा नाहीये? मग फोन कशाला केलात?

पाहणी. बरं. किती वेळ लागेल?… पाच मिनिटं. आणि मला काय मिळणार?… स्टीलचा डबा. झाकणासकट?… मग विचारा.

हो, सकाळपासून एंगेजच असणार. मुलगी इंटरनेट लावून बसते ना! ते लागलं की आमचा फोन मेला. दहाला ती ऑफिसला निघाली, तेव्हा कुठे सुटला.

थांबा, आधी तुमचं नाव सांगा. परवा शेजारच्या सुशीलाबाईंकडे असाच फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी माणूस दारात मिक्सर घेऊन हजर… ज्ञानदेव. ज्ञानदेव काय?… स्वतःचं आडनाव आठवायला एवढा वेळ?… बरं, राहू दे. आवाज का असा येतोय तुमचा? तोंडावर रुमाल धरल्यासारखा?… सर्दी. हळद घालून दूध घ्या. आमच्या ह्यांनाही सारखी होते, पण ते ऐकत नाहीत. तुम्ही तरी ऐका.

घरात माणसं… तीन. मी, मुलगी राजनंदिनी आणि आमचे हे. ह्यांना धरलं तर तीन… न धरायचं म्हणजे काय, असतातच कुठे घरी? अडीच लिहा.

हे? आयटीत आहेत… हो हो, आयटी. आधी भोसरीला कारखान्यात स्टोअरमध्ये होते. तो बंद पडला शहाण्णव साली. वर्षभर घरी बसले, छताकडे बघत. मग एक दिवस पेढे घेऊन आले, म्हणाले, आयटीत लागलो. तेव्हा जो तो आयटीतच लागत होता, आम्हीही खोलात गेलो नाही… कॉम्प्युटर? आहे ना, मुलीचा आहे. हे तो बंद करायला मेन स्विच पाडतात.

एक मिनिट हं, शिट्टी झाली… हं, बोला.

धुणं हातानंच. मशीन नाही… डाग? डाग ह्यांच्या कपड्यांना. तेलाचे, मातीचे, एकदा तर केळीचा चीक होता. आयटीत केळीचा चीक कुठून येतो, तुमच्या कंपनीला माहीत असेल तर मलाही कळवा. आणि परवा धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात मिशी सापडली… मिशी हो! ओठावरची! मी झुरळ समजून चप्पल मारली… काय झालं? पाणी प्या, पाणी प्या. फारच ठसका लागला तुम्हाला.

हो, दुसरी झाली शिट्टी… ही तिसरी.

काय म्हणालात?

नाही, परत म्हणा… 'तिसरी झाली, गॅस बंद करा, डाळीचा गिचका होईल'?

…

अहो. तुरीच्या डाळीच्या तिसऱ्या शिट्टीला जीव वरखाली होणारा माणूस या पुण्यात एकच आहे, आणि त्याला मी पंचवीस वर्षं जेवायला वाढतेय. अहो, तुम्ही?

राँग नंबर कसा? फोन तुम्ही केलाय!

आणि मला 'बाई' काय म्हणताय?… थांबा. समोर कुणी बसलंय का?… 'होय बाई, अगदी बरोबर.' कोण, साहेब? त्यांना माझं बोलणं ऐकू जातंय?… 'नाही बाई, तसं काही नाही.' बरं. मग असं करा. मी विचारते. हो असेल तर एकदा खोका, नाही असेल तर दोनदा. सर्दी आहे म्हणालातच, शोभून दिसेल. कळलं?… एकदा. शाब्बास.

तुम्ही साबणाच्या कंपनीत आहात?… दोनदा. मग आयटीत?… दोनदा.

नाही? आयटीत नाही? कधी नव्हताच?… किती वर्षं थापा मारताय मग? वर्षाला एक खोका… एक… दोन… तीन… चार… पाच… आणि हा सहावा? मोजायचा की खरा आला?… खरा आला. बरं. पाच.

दुसरं बिऱ्हाड आहे कुठे?… दोनदा. केवढी घाई उत्तराची!

हसू नका. मला वाटलं होतं तसं. खरंच वाटलं होतं, अहो. सुशीलाबाईंशी बोलले नाही, आईशी बोलले नाही, पण सहा महिने माझ्या मनात तेच होतं… गेल्या मे महिन्यात भावाच्या पोरांना साप दाखवायला कात्रजला नेलं, तर गेटवर तुम्ही फुगे विकत उभे. मी हाक मारली, तर म्हणालात, 'घ्या बाई, दोन रुपयाला एक.' मला! मी दोन घेतले. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणालात, तुझ्या डोळ्यांचा नंबर वाढलाय. मी चष्मा बदलला, अहो! नव्या चष्म्यातून आठवलं तरी तुम्हीच दिसत होता.

मग करता काय तुम्ही? चोऱ्या?… दोनदा. पोलिसांत आहात?… हे काय, दीड? अर्धा खोकला नाही ठरला आपला… पोलिसांसारखं काहीतरी?… एकदा. म्हणजे… अगंबाई. गुप्तहेर?

… एकदा.

सरकारचे?… दोनदा. हां, ते पेपरात येतं, 'लग्नाआधी खात्री करून घ्या', तसले?… एकदा. तुम्ही! ज्यांना घरातला नेलकटर सापडत नाही, ते तुम्ही!

हो, विचारा, विचारा, साहेबांना संशय नको… मुलीचा स्वभाव कसा आहे? साबणाच्या कंपनीला माझ्या मुलीचा स्वभाव कशाला…

अहो. रविवारी बेलदरे यायचेत सुपारी फोडायला. बिबवेवाडीहून. पियुष, त्याचे आईवडील, सगळे… संपतराव बेलदऱ्यांनी आपली चौकशी लावलीय?… एकदा. आणि ती नेमकी तुमच्याकडे आली?… एकदा. आणि साहेबांना माहितेय, हे तुमचंच घर आहे म्हणून?… दोनदा. हां, तिथे तुम्ही ज्ञानदेव. घरी आयटीवाले, ऑफिसात ज्ञानदेव. मग तुम्ही खरे कुठे असता? बसमध्ये?

अहो, नाही म्हणायचं होतं ना! दुसऱ्या कुणाला द्या म्हणायचं… दोनदा. का?… हं. खरंच, दुसरा आला असता तर त्यानं आपल्या वॉचमनला गाठलं असतं. आणि कचरूनं सांगितलं असतं, सुरवसे साहेब टोपी घालून जातात आणि दाढी लावून येतात… 'वॉचमनला आधीच गाठलंय, बाई'? कुणी, तुम्ही? तुम्हीच दाढी लावून कचरूला विचारलंत?… तरीच! तरीच तो परवा मला जिन्यात थांबवून म्हणाला, 'वहिनी, साहेब माझ्याकडं स्वतःचीच चौकशी करत होते, तब्येत बरी हाय ना?' मी त्यालाच झापलं.

बरं, घ्या लिहून. मुलगी तापट आहे. तापटच लिहा. पण दहा मिनिटांत विसरते… 'शांत, मितभाषी' काय सांगताय साहेबांना? परवा जिन्यापर्यंत आवाज गेला होता तिचा, कचरू सांगेल की!… हं. खोडलंत. बरं केलंत.

जवळची मैत्रीण?… अहो, साहेबांना दाखवायला विचारताय की खरंच माहीत नाही?… एकदा म्हणजे कुठलं एकदा? खरंच माहीत नाही?

दीपमाला. नववीपासून दर शनिवारी आपल्याकडे जेवते. गेल्या दिवाळीत तुम्ही तिला विचारलंत, 'बाळ, तू कुणाची गं?' पोरीनं कसंबसं हसून लाडू खाल्ला.

आवड… पोहते. हो, आपलीच. बादलीला घाबरायची ती, ती. दोन वर्षं झाली, रोज सकाळी जाते. तुम्हाला वाटायचं, फिरायला जाते? तुम्हाला काय काय वाटत होतं कोण जाणे.

डिग्री मिळाली त्या दिवशी कुठे होतात?… नाही, तुम्ही नका विचारू, मी विचारतेय. त्या फोटोत मी आहे, ती आहे आणि मधे तुमच्यासाठी सोडलेली जागा आहे. फोटोग्राफर म्हणत होता, जवळ या, जवळ या. ती म्हणाली, थांबा, पप्पा येतायत. अर्धा तास थांबवलं त्याला… कामावर होतात? दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या मागे?

… एकदा.

पुण्यातल्या शंभर पोरींचे स्वभाव तुम्हाला तोंडपाठ, कोण कुणाबरोबर कॉफी पिते, कोण किती वाजता घरी येते. आणि घरच्या पोरीची मैत्रीण कोण, ते मला विचारताय. साबणाची पाहणी करून… मला राग नाही आला. वाईट वाटलं. ते लिहू नका.

रडताय का?… हे काय, ना एकदा ना दोनदा. नाक पुसा. साहेब बघत असतील. सर्दी म्हणा.

हं, पुढचा विचारा… मुलीचे वडील नक्की काय करतात.

मी काय सांगू? पाच मिनिटांपूर्वीपर्यंत मला तरी कुठे ठाऊक होतं? साहेब तिथेच अडलेत ना?… एकदा. बरं, बँकेत आहेत म्हणून टाका… दोनदा? का?… काय? 'आमच्या पाहणीत खोटं लिहिलं जात नाही, बाई'?

वा! घरी पाच वर्षं थापांवर थापा, आणि कागदावर एक थाप मारायला हात जड होतो? मग आयटी लिहा, ती तर तुमची मुरलेली थाप आहे… दोनदा. बरं, मग खरं लिहा!… दोनदा. साहेब काढून टाकतील?… एकदा. खरं चालत नाही, खोटं लिहवत नाही. मग करायचं काय, अहो? खोकत बसायचं?

ऐका. काल राजनंदिनी माझ्याजवळ गवार मोडत बसली होती. म्हणाली, 'आई, पियुषनं विचारलं, पप्पा कुठल्या कंपनीत आहेत? मी विषय बदलला. परत विचारलं, परत बदलला. रविवारी त्याच्या आईनं विचारलं तर मी काय करू?'… तिला तो मुलगा आवडलाय हो. मनापासून आवडलाय. आणि सासरी पहिल्या दिवसापासून तिनं विषय बदलत राहायचं? तुमच्यासाठी मी पाच वर्षं बदलला, तेवढं पुरे.

फोन द्या साहेबांना.

द्या म्हणते ना… खोकू नका! कितीही खोका, मी आता मोजत नाहीये. त्यांना म्हणा, बाईंना डब्याबद्दल तक्रार करायचीय… अहो, द्या!

हॅलो. साहेब का? नमस्कार. मी कुसुम सुरवसे… नाही नाही, तुमच्या माणसाचं वागणं चांगलं होतं. फार अदबीनं बोलले. इतक्या अदबीनं माझ्याशी घरात कुणी बोलत नाही… साहेब, साबणाचं राहू द्या. बेलदऱ्यांच्या कागदावर मुलीच्या वडिलांचा रकाना रिकामा आहे ना? मग मान वर करा. समोर बसलेत ते… हो, तेच. नाक पुसतायत ते.

ज्ञानदेव नाहीत, उत्तरेश्वर. उत्तरेश्वर सुरवसे… मलाही आजच कळलं… टोमणा नाही, खरंच विचारते. लोकांच्या घरात काय चाललंय ते तुम्ही शोधता, आणि टेबलासमोर कोण बसतं ते पाच वर्षं कळलं नाही?

गुप्तहेर म्हणून लिहा. तसंच जाऊ द्या बेलदऱ्यांकडे… मोडलं तर? मोडलं तर मोडलं… नाही, तसं नाही. मोडू नये. मला फार भीती वाटतेय, साहेब. पण त्यांना जे कळायचं ते रविवारच्या आधी कळू दे. माझ्या मुलीनं चहाचा ट्रे हातात घेऊन थाप मारायला नको.

काय?… फाइलमध्ये काय आहे?… वाचा, वाचा. 'वडिलांचे वर्तन संशयास्पद. वॉचमनच्या सांगण्यानुसार वेषांतर करतात. अधिक चौकशी आवश्यक.' आणि हे अक्षर ह्यांचं?… स्वतःबद्दल लिहिलंय स्वतःच? खाली तारीख टाकून?

हसा, साहेब. मीसुद्धा हसतेच आहे… असा माणूस सोडणार नाही म्हणता? बरं वाटलं ऐकून. हो, नाव मात्र खरं टाका रजिस्टरात.

अजून एक रकाना आहे?… वडिलांचा स्वभाव.

… ते मला विचारताय?

आत्ता नाही सांगता येणार, साहेब. बऱ्याच वर्षांत आमची गाठ नाही. आज त्यांना वेळेवर घरी पाठवा. राजनंदिनी सातला येते. दोघांना शेजारी शेजारी बसवून जेवायला वाढते, आणि बघून सांगते.

हो… चालेल. ठेवते.