तलवार आणि तिन्हीसांजेचा दिवा

मला हट्टी म्हणता ना? मग मुठा गावच्या शेवंतामावशींना भेटा एकदा. आमच्या फ्रीमेसन लॉजच्या, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाच्या, शहरातल्या हॉलची दुरुस्ती चालली होती, म्हणून सभेला त्यांची मोठी खोली भाड्यानं घेतली होती. नव्या सभासदाची दीक्षा होती. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत नेलं आणि मी उपसलेली तलवार घेऊन दाराबाहेर उभा राहिलो. विधी संपेपर्यंत बाहेरच्या कुणालाही आत सोडायचं नाही, एवढंच माझं काम.

तिन्हीसांजेला मावशी पेटतं निरांजन पदराआड धरून आल्या.

"सरक. देव्हारा आत हाय."

"मावशी, विधी चाललाय. कुणालाच सोडता येत नाही."

"माज्याच घरात मला आडवतोस व्हय? माजा द्येव दिवेलागणीला कदी अंधारात ऱ्हायला न्हाई."

"अर्धा तास थांबा फक्त."

"त्ये द्येवाला सांग."

मी तलवार आडवी धरली. मावशींनी ती नीट बघितली आणि म्हणाल्या, "हिला धार तरी हाय का?" मग तिथंच दाराला खेटून उभ्या राहिल्या. मीही हललो नाही.

तेवढ्यात आतून आमच्या अध्यक्षांचा खर्जातला आवाज आला, "अंधारात उभ्या असलेल्या माणसा, तुला सगळ्यात जास्त काय हवंय?"

पट्टीवाला म्हणाला, "प्रकाश."

मावशींनी दारावर धाडकन थाप मारली. "आरं, मंग दार उघडा की! मी कवाची दिवा घिऊन उभी हाय!"

कुणालाही न विचारता मी तलवार खाली केली.